कंपनीचं ट्रेनिंग

दारू सोडवायला धाकटा भाऊ तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा मी नातेवाइकांना सांगितलं, "त्याला शेंद्र्याच्या कंपनीनं ट्रेनिंगला धाडलंय." घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खरं काम आता सुरू होतंय. दोन-तीन वर्षं जपा, जवळच्यांना सांगून ठेवा." मी कुणालाच सांगितलं नाही. इज्जतीची पडली होती ना मला! महिनाभरानं हर्सूलला मामेबहिणीच्या हळदीत, मांडवामागं मी भजी द्यायला गेले, तर मामा भावापुढं ग्लास धरून म्हणत होता, "घे की, लई दिवसांनी भेटलास." भावानं माझ्याकडं पाहिलं. मी ताट ठेवून वळले.

आता तो पुन्हा केंद्रात आहे. काल मामानं फोनवर विचारलं, "कुठाय गं तो?"

"ट्रेनिंगला," मी म्हणाले.