सुंदरबाईचे हात

पारोळ्यात लग्नाला मांडे हवे असले की लोक माझ्या धाकट्या जावेला, सुंदरबाईला, बोलावतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत ती एवढा मोठा मांडा करते आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकते. हात जरा जरी हलला की मांडा फाटलाच.

गेल्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले. मांडे फाटू लागले. "अक्का, हात मना नही राहिना," हात माझा राहिलाच नाही, म्हणत माझ्याजवळ रडली. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग जो तो सांगत सुटला, सुंदर, शांत राहा, मनावर घेऊ नको. वा रे वा! आणि तिचा नवरा, आमचे नथ्थूभाऊजी, भरमांडवात तिच्या डोक्यावर उभे राहून "हात चालव, पंगत बसली!" म्हणून खेकसतात, त्यांना कोणी सांगायचं? माझं तर डोकंच फिरायचं.

शेवटी मीच तिला धुळ्याला, समुपदेशन करणाऱ्या मेघाताईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ओरडणं कानावर आलं की तुमचं अंग घाबरतं, श्वास अडकतो. श्वास हळूहळू सोडा, तळपाय जमिनीला टेकलेत का बघा. आणि ज्याच्यामुळे घाबरता, त्याला सांगायलाही शिका." सुंदर घरी सराव करू लागली. मांडा पसरत जाईल तसा श्वास सोडायचा. हळूहळू हातांची थरथर थांबली. भाऊजी खूश! "आता कशी गुणाची झाली, काहीही बोललं तरी ऐकून घेते," असं गावभर सांगत फिरले. अस्सा संताप आला ना मला!

परवा एका लग्नात पुन्हा तोच आवाज. सुंदरने श्वास सोडला, हातातला मांडा खापरावर नीट टाकला, मग वर बघितलं. "वरडू नका. परत वरडशात तं मी उठसू."

"ए, शांत हो!" भाऊजी गरजले.

"मी शांतच शे," ती म्हणाली. हात धुतले आणि मांडवाबाहेर माझ्या शेजारी येऊन बसली. हात मांडीवर, अगदी स्थिर.

पंगत खोळंबली. थोड्या वेळाने भाऊजी आले, आमच्यासमोर उकिडवे बसले. "सुंदर, चाल ना," म्हणाले, इतकं हळू की मला कान द्यावा लागला.

म्हणजे हळू बोलता येत होतं या माणसाला! इतकी वर्षं येत होतं!