जेवणाच्या टेबलावरचा चौक

आमच्या नाटक कंपनीत त्याला काळोखमास्तर म्हणत. हुद्द्याने तो दिवे सांभाळणारा, पण लौकिक होता दिवे घालवण्याचा. "उजेड काय, कुणीही पाडतो. काळोख पाडायला अक्कल लागते," असं तो म्हणायचा, आणि त्याला मी साक्ष आहे. रंगमंचावर मी काही शे वेळा तरी मेलो असेन. प्रत्येक वेळी त्याच्या काळोखात उठून, अंगावरची धूळ झटकून विंगेत गेलो, आणि एकाही प्रेक्षकाला माझं प्रेत चालताना दिसलं नाही. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

आता आम्ही दोघेही घरी बसलो आहोत. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. सकाळी दहाला मी जिना चढतो, वहिनी चहा ठेवतात, आणि आम्ही दोघं जुने प्रयोग पुन्हा एकदा गाजवतो. त्या दिवशी मात्र मी जरा फणफणतच वर गेलो होतो. बेकरीच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा होतो. बटण दाबलं, लाल माणूस गेला, पण हिरवा माणूस काही आलाच नाही. शेवटी गाड्या थांबलेल्या बघून देवाचं नाव घेतलं आणि निघालो.

"तुझी एन्ट्री चुकली असेल," मास्तर मान वर न करता म्हणाला.

"माझी? चाळीस वर्षांत एकदा तरी चुकली का?"

"सांगू?"

मी विषय बदलला. बदलायला कारणही समोरच होतं. जेवणाच्या टेबलावर मधोमध एक लोखंडी पेटी बसली होती. दार उघडं, आत तारांचा गुंता, आणि त्या गुंत्यात मास्तर कोपरापर्यंत बुडालेला.

"या भावजी," वहिनी म्हणाल्या, "कप हातातच धरा. टेबलावर आता रहदारी आहे."

ही सगळी भानगड मास्तरच्या सुनेसाठी होती. मुलगा नोकरीसाठी दूर गावी, पण सून इथेच सासूसासऱ्यांकडे राहते. शहराच्या सिग्नल खात्यात ती तंत्रज्ञ आहे. लागून सातच महिने झालेले, अजून उमेदवारीचा काळ. चौकाचौकांतल्या, सिग्नल चालवणाऱ्या पेट्यांची एकच चावी असते, ती तिच्या गळ्यात दोरीने लटकलेली. घरी आल्यावर बाकीच्या बायका दागिने काढून ठेवतील तशी ती चावी काढून आरशाजवळ ठेवायची.

नेमक्या त्या बेकरीच्या चौकाने तिच्याशी दावा मांडला होता. दर चार-आठ दिवसांनी तिथले दिवे संप पुकारायचे. लाल नाही, हिरवा नाही, चारही बाजूंना नुसता पिवळा लुकलुकतोय. ही धावत जायची, पेटी उघडून पुन्हा चालू करायची, की सगळं सुतासारखं सरळ. पेटी काढून वर्कशॉपमध्ये नेली, तिथे अर्धा तास चालवली, तर ती शहाण्या मुलीसारखी वागली. तीन वेळा हिने कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. तिसऱ्या वेळी तिचे साहेब म्हणाले, "दोष पेटीत नाही, तर मग कुणात आहे?" पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात दोष सापडला तर ठीक, नाहीतर शनिवारी चावी जमा करायची आणि फायलींच्या टेबलावर बसायचं.

"फायलींना काय पाना लावायचा?" ती सासऱ्याला म्हणाली होती, आणि हसायचा प्रयत्न तिला जमला नव्हता.

त्यावर मास्तरने एवढंच विचारलं, "तशीच दुसरी पेटी मिळेल का?" भंगारात काढलेली त्याच जातीची एक होती. रीतसर परवानगी काढून सुनेने ती घरी आणली. आता पेटीला चौक हवा. पेटीला वाटलं पाहिजे की आपण खरोखर रस्त्यावर उभे आहोत, गाड्या येताहेत, माणसं बटणं दाबताहेत. तो खोटा चौक बांधायचं काम मास्तरने अंगावर घेतलं. खोटं जग खरं वाटायला लावण्यात आम्हा दोघांचं अख्खं आयुष्य गेलेलं. मीही लगेच बाह्या सरसावल्या.

चौक ज्यावर मांडायचा त्या पाटीसाठी प्लायवुड लागत होतं. मास्तरकडे एका जुन्या नाटकातला राजवाड्याचा खांब होता, तो आडवा कापला. म्हणून आमच्या चौकाच्या एका रस्त्यावर अजून सोनेरी वेलबुट्टी आहे. घरातले लहान बल्ब लावले आणि त्यांवर मास्तरच्या ट्रंकेतले रंगीत कागद चढवले. हिरवा जंगलातल्या प्रवेशाचा, लाल खुनाचा, पिवळा सकाळचा. गाडी आली हे पेटीला रस्त्यात पुरलेल्या तारेवरून कळतं, त्याऐवजी साधी बटणं. पादचाऱ्यांसाठी दाराच्या घंटीची बटणं. आणि सगळ्यात नामी युक्ती म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. पेटीने पिवळं लुकलुकायला सुरुवात केली की घड्याळाची वीज तुटणार आणि काटे तिथेच थांबणार. म्हणजे आम्ही डुलकी घेत असलो तरी चोरी किती वाजता झाली ते कळणार.

चार दिवसांत चौक उभा राहिला. पाचव्या दिवसापासून प्रयोग सुरू. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाची सुटी. मास्तर गाड्या सोडायचा, मी पादचारी. आता नुसतं बटण दाबून माझं काय समाधान होणार? मी कधी गुडघेदुखीची आजी व्हायचो, कधी घाईतला कारकून, कधी फोनवर भांडणारा नवरदेव. पेटीला काय कळतंय म्हणा. पण वहिनींना कळायचं. त्या भाजी चिरताचिरता म्हणायच्या, "कालची आजी बरी होती. आजच्या आजीला मिशा आहेत."

मी वहीत नोंदी ठेवायचो. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. हजारो फेऱ्या झाल्या. पेटी तसूभर चुकली नाही. सून संध्याकाळी घरी यायची, चपला काढायच्या आधी घड्याळाकडे बघायची. घड्याळ चालू. मग ती चपला काढून आत जायची. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना त्या चालत्या घड्याळाची लाज वाटायला लागली.

मुदतीतला तेरावा दिवस उजाडला. गुरुवार. साडेबाराच्या सुमाराला पाटीवरचा पादचाऱ्यांचा एक हिरवा बल्ब पेटतापेटता फट्कन गेला. मी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने माझ्याकडे पाहिलं.

"मध्यंतरात बदलू," तो म्हणाला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रयोग चालू असताना बल्ब गेला तर कुणी शिडी घेऊन रंगमंचावर जातं का? एका बाजूचा चंद्र विझला तरी नायक नायिकेला चंद्र दाखवतोच. आम्ही तसेच पुढे गेलो. मी वहीत वेळ लिहून बारीक फुली मारली. मास्तरने आडव्या रस्त्याच्या गाड्या सोडल्या, तिकडचा हिरवा लागला, आणि दुसऱ्या क्षणी अख्खी पाटी पिवळी लुकलुकायला लागली. भिंतीवरचं घड्याळ थांबलं.

आता खरं तर आम्ही नाचायला हवं होतं. पण आम्ही टरकलो. मोडलं म्हणून. मास्तरने घाईघाईने बल्ब बदलला, पेटी पुन्हा चालू केली, ती सुरळीत चालायला लागली. घड्याळाचे काटेही त्याने गपचूप पुढे सरकवले. तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली, आणि त्या दिवशी सूनही दुपारची घरी आली होती.

"काही झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही काय?" वहिनी कडाडल्या. "घड्याळ हलवलंय यांनी. मी बघितलंय. दोघांची तोंडं बघ, बरणी फोडलेल्या पोरांसारखी झालीत."

मग सांगावंच लागलं. एक बल्ब गेला, आम्ही आळस केला, तसंच पुढे रेटलं, आणि पेटी बिचकली. चूक आमची, पेटीची नाही.

सुनेचा घास हातातच राहिला. "बाबा, बल्ब गेल्यावर तुम्ही बंद नाही केलंत?"

"सवय गं. प्रयोग थांबवायचा नाही एवढंच आम्हाला शिकवलं."

"बाबा, उठा," ती म्हणाली. "पुन्हा करा ती चूक."

खरकट्या हाताने मास्तरने तो हिरवा बल्ब काढला. एक फेरी. आडवा रस्ता हिरवा झाला, आणि लुकलुक! बल्ब लावला, सुरळीत. काढला, लुकलुक. चार वेळा केलं आणि चारही वेळा घड्याळ थांबलं. चौथ्या वेळी वहिनी म्हणाल्या, "आता जेवा. नाहीतर मी थांबेन."

जेवताना तिने आम्हाला समजावलं. पेटीत एक पहारेकरी असतो. आडवेतिडवे दोन हिरवे एकदम लागू द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं काम. पण तो बल्ब बघत नाही, तार बघतो. बल्ब जागेवर असला की बंद तारेतली उरलीसुरली वीज तो पिऊन टाकतो. बल्ब नसला की ती तिथेच घुटमळते. पहारेकऱ्याला वाटतं, चालणाऱ्यांचा हिरवा अजून लागलेलाच आहे. मग गाड्यांचा हिरवा लागला की तो घाबरून सगळा खेळ बंद करतो.

"म्हणजे नट कधीच विंगेत गेलाय," मास्तर म्हणाला, "आणि प्रॉम्प्टरला तो अजून समोर दिसतोय."

"हो. आणि वर्कशॉपमध्ये हे दिसणारच नाही. तिथे बल्ब गेला की आधी सगळं बंद करायचं, बल्ब बदलायचा, मगच पुढे. तसा नियम आहे." मग तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पण चौकात माणसांचे आठ हिरवे आहेत. मी जाते तेव्हा आठही आपापल्या पाळीला लागतात. कुठला तरी मधूनच दगा देतोय. कुठला ते कसं कळणार?"

मी भाताचा घास गिळला आणि सावकाश, शब्दाशब्दावर जोर देत म्हणालो, "बेकरीच्या बाजूचा. खांबाला पत्रपेटी टेकली आहे तो."

"तुम्हाला काय ठाऊक, काका?"

"कारण माझी एन्ट्री चुकली नव्हती!"

मास्तरने कपाळावर हात मारला. तो हात त्याने मी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हाच मारला असता तर आठवडा वाचला असता.

शुक्रवारी सकाळी सुनेने साहेबांना चौकात बोलावलं. आम्ही दोघं बेकरीच्या पायरीवर प्रेक्षक. साहेब छत्रीच्या दांड्यासारखे ताठ उभे. शिट्टीवाला पोलीस गाड्या आवरायला तयार. ती शिडी चढली, दिव्याचं झाकण उघडलं, आणि नुसती थांबली. एक मोठी बस वळणावरून धडधडत गेली, खांब थरथरला, आणि बल्बाचा होल्डर आतल्या आत हलला. तिने वरूनच साहेबांना बोलावलं. साहेब चार पायऱ्या चढले, पुढची बस येईपर्यंत थांबले, आणि त्यांनी तो हलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"हलतोय खरा," ते म्हणाले. "पण एवढ्या एका बल्बाने चारी रस्ते बंद पडतील?"

"बघा, साहेब." तिने बल्ब अर्धा आटा फिरवला. आडव्या रस्त्याला हिरवा लागला मात्र, चारी बाजूंना पिवळे लुकलुकायला लागले. पोलिसाची शिट्टी, हॉर्नचा कल्लोळ, बेकरीवाला पीठ माखल्या हातांनी बाहेर. तिने जुना होल्डर काढला, नवा घट्ट बसवला, खाली येऊन पेटी पुन्हा चालू केली. तीन बसेस गेल्या. दिवा जागचा हलला नाही.

साहेब चौथी बस जाईपर्यंत दिव्याकडे बघत राहिले. सुनेने गळ्यातली दोरी काढून चावी पुढे धरली होती. शनिवार उद्यावर होता, आणि तीन वेळा 'दोष आढळला नाही' असं तिनेच लिहिलं होतं.

"हे काय?" साहेब म्हणाले. "घाला ती गळ्यात. बाकीच्या चौकांतले होल्डर कोण बघणार, मी?" मग आमच्याकडे वळून घसा खाकरला. "ते तुमचं पाटीचं यंत्र वर्कशॉपला मिळेल का?"

"मिळेल की," मास्तर म्हणाला. "एका अटीवर."

ती अट आता वर्कशॉपच्या भिंतीवर, सोनेरी वेलबुट्टीच्या पाटीवर टांगलेली आहे. एका होल्डरमध्ये तो गेलेला हिरवा बल्ब तसाच बसवलाय, आणि त्याखाली मास्तरच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी: 'हा बल्ब बदलू नये.'

वहिनींना त्यांचं टेबल परत मिळालं. मी अजून सकाळी बेकरीच्या चौकातून जातो. बटण दाबतो, हिरवा माणूस वेळेवर येतो, आणि मी रस्ता ओलांडतो. घाई करत नाही. कधी आजी म्हणून, कधी कारकून म्हणून.