दवाखान्याच्या आवारातली शिक्षा

आलमबागच्या एकाच खोलीत आमचं घर आणि वडिलांची सोनं गाळायची भट्टी. तेजाबाच्या वाफेनं आईचा दमा उसळायचा, आम्ही सगळेच खोकायचो. विट्याकडचे आमचे लोक मुलुखभर हेच काम करतात, तसेच आम्ही इथं उत्तरेत. त्याच खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार.

धाकट्या भावानं मात्र मेट्रो स्टेशनाबाहेरची कुणाची तरी जुनी सायकल उचलली. पकडला गेला, सायकल परत केली. पहिलाच गुन्हा आणि चोरीही किरकोळ, म्हणून कोर्टानं नव्या कायद्याप्रमाणे समाजसेवेची शिक्षा दिली: तेलीबागेतल्या सरकारी दवाखान्याचं आवार झाडायचं. मला हायसं वाटलं. तुरुंगातून आलेल्याच्या हाती कुठला सराफ सोनं देतो?

वडील भडकले. "चारचौघांत झाडू? त्यापेक्षा आत गेलेला बरा, कुणाला दिसत तरी नाही!"

"अण्णा, तो आत गेला तर भट्टी कोण बघणार? तुमचे गुडघे?"

भाऊ झाडायला जाऊ लागला. मग आठवड्याच्या आतच दवाखान्याच्या सुपरवायझरचा मला फोन. "मैडम, आपका भाई यहाँ भी कुछ छुपा रहा है."

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात गेले. भाऊ तोंड बांधलेल्या पोत्यापाशी उभा.

"काय आहे रे त्यात?"

"कचरा."

"मग फेकत का नाहीस?"

"ताई, आदत है यार!"

कपाळावर हात मारला. आमच्या भट्टीवरची झाडलेली धूळ कधी फेकत नाहीत, तिच्यात सोन्याचे कण असतात. हा पठ्ठ्या दवाखान्याचा केरही पोत्यात भरून कोपऱ्यात जपून ठेवत होता! सुपरवायझरला वाटलं, औषधं चोरतोय. तो हजेरीवर सही करेना, आणि सही नाही म्हणजे शिक्षा पाळली नाही, म्हणजे पुन्हा तुरुंगाचीच टांगती तलवार.

मी त्याला आमची धूळ जपायची रीत सांगितली आणि पोतं तिथंच उपडं केलं. सुकी पानं, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप.

"सोना निकला, मैडम?" सुपरवायझर म्हणाला. जमलेले सगळे हसले.

"हँस लिया? अब साइन कीजिए."

"पहले ये तो उठवाइए."

भावानं ते सगळं पुन्हा झाडलं आणि माझ्यासमोर कचरापेटीत टाकलं. सही झाली.

पुढची शिक्षा त्यानं एकही खाडा न करता पुरी केली आणि कोर्टानं प्रकरण बंद केलं. माझा भाऊ तुरुंगात गेला नाही. आज भट्टी तोच चालवतो.