बी म्वाकाची बुजवलेली खिडकी

टांझानियाच्या किनाऱ्यावर, पंगानीतल्या निम्म्या जुन्या घरांना शेहे कोंबोच्या हातचा चुना लागलेला आहे. पोवळ्याचा दगड आणि चुना यांचं काम जाणणारा तो शेवटचा फुंडी, म्हणजे कारागीर. त्याच्या मागून आलेले सगळे गवंडी सिमेंटवाले. शेहे उंच, एका खांद्यावर कललेला, बोलणं बेताचं. पण वाटेत वडीलधारं माणूस भेटलं की थांबून ‘शिकामो’ म्हणायचा आणि समोरून ‘मराहाबा’ आल्यावरच पाऊल उचलायचा.

माझं शिवणाचं दुकान बी सिजालीच्या (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला ‘बी’ म्हणतात) घरासमोर आहे, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या घराच्या माडीवर रस्त्याकडे लाकडी जाळीची खिडकी होती. तिच्यामागे सिजालीची थोरली बहीण, बी म्वाका बसायची. तापात तिचे पाय गेले, त्यानंतर बावीस वर्षं ती तिथेच. जाळीमुळे चेहरा कुणाला दिसत नसे. शेहे रोज सकाळी खालून जाताना ‘शिकामो, बी म्वाका’ म्हणायचा. वरून घोगरं, लांबवलेलं ‘मराहाबा’ यायचं. एवढीच त्यांची ओळख.

बी म्वाका वारली. शेहे त्या खिडकीखालून गुमान जाऊ लागला. पुढे तीन वर्षांनी खिडकीवरचे वासे कुजले आणि चुन्याचा मोठा ढपला थेट रस्त्यात पडला. सिजालीने शेहेला बोलावलं.

“दुरुस्तीला किती, फुंडी?”

“खारफुटीचे वासे, सागाची चौकट, जाळी, चुना. नऊ लाख शिलिंग.”

“आणि बुजवायला?”

“दीड लाख. एका दिवसात.”

“मग बुजव बाबा. नऊ लाखांत मी दुसरं घर बांधीन.”

“घर नाही, न्हाणीघर होईल.”

ती हसली, पण टांगा शहरातल्या भाच्याकडून पैसे येणार होते आणि तो दीड लाखांच्या वर जाणार नव्हता. शेहेने सिमेंटचे ब्लॉक लावले. बाहेरून गिलावा केला. आतून नको म्हणाली, तिथे कपाट येणार होतं.

दोन महिने गेले. एका सकाळी शेहे पिशवी खांद्यावर टाकून जात होता, कसल्यातरी विचारात. त्या भिंतीखाली आला आणि जुन्या सवयीने बोलून गेला, “शिकामो, बी म्वाका.”

“मराहाबा.”

मी मशीन थांबवलं. शेहेने माझ्याकडे पाहिलं.

“तू म्हणालास?”

“नाही.”

“ऐकलंस?”

मी होकाराची मान डोलावली. तो पिशवी सावरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो ओठ घट्ट मिटून आला. भिंतीखाली पोचायच्या आधीच वरून आवाज आला, “मराहाबा.” आज उशीर झाला म्हणून आधीच उत्तर देऊन टाकावं, तसा. ऊन लख्ख पडलं होतं, समोर मासळी विकणारी बाई पैसे मोजत होती. तिने मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि टोपली उचलून निघून गेली.

शेहे सरळ माडीवर गेला. मीही मागोमाग गेलो.

“मला वाटलं, फक्त मलाच ऐकू येतं,” सिजाली म्हणाली. “दुपारी कपाटामागे कुणीतरी घसा साफ करतं. मी कपाट उघडायचंच सोडलंय. एकच खांगा आठवडाभर नेसतेय, बघा.”

आम्ही कपाट ओढलं. मागचे ब्लॉक खरखरीत, राखाडी, जसे लावले तसे. फक्त बसलेल्या माणसाचं कपाळ टेकेल तेवढ्या उंचीवर एक जागा गुळगुळीत झाली होती, वर्षानुवर्षं पावलं पडून पायरी झिजते तशी खोलगट. शेहेने बोट फिरवलं. बोटाला खोबरेल लागलं.

“उद्या फोडतो,” तो म्हणाला.

“नऊ लाख मी कुठून आणू, फुंडी?”

“मी मागितले का?”

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचं छप्पर दोन वर्षं पडलेलं होतं. त्यासाठी जमवलेले वासे त्याने इथे आणले. सागाची जुनी चौकट कुठल्याशा पडक्या गोदामातून विकत घेतली. त्याची बायको तिमे माझ्या दुकानात येऊन म्हणाली, “घरच्यांच्या डोक्यावर प्लास्टिक आणि मेलेल्यांना साग. सांगा तुमच्या दोस्ताला, मी मेले की मग माझंही छप्पर होईल बहुतेक.”

पहिला ब्लॉक निघाला तेव्हा आम्ही तिघंही माडीवर होतो. मागून उजेड आला आणि नदीवरचा वारा. बाकी काही नाही. अकरा दिवसांनी जाळी बसली. शेहे रस्त्यावर उतरला, खिडकीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “शिकामो, बी म्वाका.”

काहीच आलं नाही. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग मान खाली घालून निघाला. त्यानंतर त्या घरातून काही ऐकू आलं नाही. सिजाली आता त्या खिडकीत बसून तांदूळ निवडते.

त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाउसने शेहेला सात खिडक्या बुजवायचं काम देऊ केलं. खोल्यांत थंड हवेची यंत्रं बसवायची होती. त्या पैशांत छप्पर झालं असतं. तो नाही म्हणाला. तिमे महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

“एवढा घाबरलास?” मी विचारलं.

“घाबरलो नाही. बी म्वाकाला मी ओळखत तरी होतो. तिथे आत कोण कोण बसलंय, मला काय ठाऊक?”

मुहेझाहून आलेल्या गवंड्याने दोन दिवसांत सातही खिडक्या बुजवल्या. शेहेने त्या पावसाळ्यात विहिरींचे कठडे आणि कबरी बांधून दिवस काढले. गेस्टहाउसवरून जायची वेळ आली की तो रस्त्याची पलीकडची बाजू धरतो. आणि भिंत संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाही.