निर्जळी प्रवास

माझ्या सासरवाडीत मी मोठा देवभक्त म्हणून ओळखला जायचो. खरं तर मी देव मानत नाही. निपाणीकडच्या आमच्या घरी पूजा माझ्यावर आली की मी मुद्दाम अंघोळ लांबवायचो. पण इथे बेंगळुरूत, जयनगरच्या सासऱ्यांच्या घरी कुणी पाहुणा आला की सासूबाई माझी ओळख अशीच करून द्यायच्या. "हे आमचे जावई. यांचा उपवास म्हणजे उपवास हं. पाणीसुद्धा घेत नाहीत." पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी जमिनीकडे बघायचो. हा सगळा मान मला माझ्या मोठ्या आतड्याने मिळवून दिला होता.

त्या आतड्याला आतून व्रण पडतात, सूज येते, रक्त जातं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हा आजार बरा होत नाही, आटोक्यात ठेवायचा असतो. आटोक्यात म्हणजे काय, ते मला पुढे रस्त्यांनी शिकवलं. कळ आली की ती कुणाचं ऐकत नाही. धीर, लाज, लहानपणचे संस्कार, सगळं गुंडाळून ठेवून शरीर आपलं काम करून मोकळं होतं. त्याआधी कडी लावता येईल असं दार गाठायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

हे माहेरी सांगायचं नाही, अशी बायकोची अट होती. "आईला कळलं की अख्ख्या गल्लीला कळेल. मग कुणी ताक सांगेल, कुणी बेलाचा मुरंबा. आणि तुम्ही संडासात गेलात की सगळे एकमेकांकडे बघतील." मलाही ते पटलं. मधुमेह लोक चारचौघांत मिरवतात, हृदयाच्या दुखण्याला तर वेगळाच रुबाब असतो. संडासाचं दुखणं घेऊन कुणापुढे जाणार?

आता सासरची माणसं कशी, ते सांगायला हवं. चार पिढ्या इथे कापडाचा धंदा, घरात मराठी, पण त्यात निम्मी कन्नड मिसळलेली. सासूबाईंना घरचे, दारचे सगळेच अक्का म्हणतात. दरवर्षी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून हे लोक सहकुटुंब कुठे तरी निघतात, आणि गाडी यशवंतपूर ओलांडत नाही तोच मागच्या सीटवर डबे उघडतात. पुऱ्या, चित्रान्न, चकल्या. नको म्हणणारा आजारी तरी असतो किंवा रुसलेला तरी. आजार निघाल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर निघालो, तेव्हा हुबळीला लग्न होतं. मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, कारण रिकाम्या आतड्यावर थोडा तरी भरवसा ठेवता येतो. अक्का हलत्या गाडीत पुरीभाजीची बशी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "जावईबापू, स्वल्प तरी घ्या की."

"आज माझा उपवास आहे," मी म्हणालो.

ते कुठून सुचलं, मला माहीत नाही. पण बशी मुकाट्याने मागे गेली. पोट भरलंय म्हणा, डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणा, आपल्याकडे आग्रह करणारा सगळ्याला पुरून उरतो. देवापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. मी सुटलो असं वाटलं, पण थोड्या वेळाने बशी परत आली. या वेळी तिच्यात साबुदाण्याची खिचडी होती, वर भरपूर दाण्याचं कूट. शेंगदाणा पोटात गेला की मला काच खाल्ल्यासारखं होतं. "अक्का, निर्जळी आहे," मी म्हणालो आणि त्या गाडीत माझं वजन कायमचं वाढलं.

मग प्रत्येक प्रवासाला कसला ना कसला उपवास निघू लागला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. तिथ्या मला भटजींपेक्षा जास्त पाठ झाल्या. दुखणं उफाळून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी माझा चेहरा फुगून गोल झाला, तेव्हा अक्का कौतुकाने म्हणाल्या, "बघा, उपासाचं तेज कसं आलंय!" एकदा तर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं देवाला पोचतं. माझ्या गुडघ्यांसाठी एक संकष्टी धरा." मी धरली. त्यानंतर त्यांचे गुडघे महिनाभर दुखले नाहीत, आणि मग तर बोलायलाच नको.

बाहेरून हे विनोदी दिसतं, मला कळतं. पण मे महिन्यात पाण्याविना गाडीत बसून बघा. ओठ चिकटतात, डोकं ठणकतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि शेजारी कुणी तरी ताकाचा पेला ओठांना लावतो. मला त्या माणसाचा राग यायचा. घोटभर ताक पिऊन पुन्हा खिडकीबाहेर बघणं, इतकी साधी गोष्ट तो किती सहज करायचा! ट्रेनने जायचं तर मी संडासाला लागून असलेला बर्थ मागून घेतो. लोक तो बदलून मिळावा म्हणून तिकीट तपासनिसाच्या मागे लागतात, आणि मी तिथे नाक दाबून निर्धास्त बसतो. घरसुद्धा हेब्बाळला, कचेरीपासून चालत जाता येईल असं घेतलं. या शहरात दर कोपऱ्यावर दर्शिनी आहे, उभ्या उभ्या इडली खा आणि चालू लागा. पण तिथे संडास नसतो. माझ्या डोक्यातल्या नकाशात फक्त संडास असलेल्या जागा आहेत, बाकीचं बेंगळुरू ओसाड आहे.

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. रविवारी दोघंच जयनगरला जेवायला गेलो होतो. जेवायलाच बोलावलेलं असताना उपवास सांगता येत नाही, आणि अक्कांनी होळिगे केले होते. होळिगे म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी. मी अर्धीच खाल्ली. परत येताना हेब्बाळच्या पुलाखाली ऑटो अडकला. पुढे गाड्या, मागे गाड्या. "भैया, कुठूनही काढा," मी हिंदीत विनवत होतो. ऑटोवाला म्हणाला, "स्वल्प अड्जस्ट माडी, सर." थोडं सांभाळून घ्या म्हणे. मी दांडी घट्ट धरून बसलो. मुलगी काही तरी शाळेतलं सांगत होती. मग तिने सांगायचं थांबवलं.

ऑटोवाल्याने वळून पाहिलं आणि मान फिरवली. आम्ही उतरलो. घर समोर दिसत होतं, पण मधे भर दुपारचा रस्ता होता. मुलीच्या हातात आजीने दिलेल्या डब्यांची कापडी पिशवी होती. ती माझ्या मागे गेली, पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून माझ्या पाठीशी धरली, आणि घरापर्यंत तशीच चालत आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यात आल्यावर ती हळूच म्हणाली, "कुणी नाही बघितलं, अप्पा." मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो. त्या दिवसापासून मी घराबाहेर खाणंच बंद केलं, आणि तिला समुद्र दाखवायचा बेत दर सुट्टीला पुढे ढकलत राहिलो. मी जाऊ शकत नाही म्हणून मायलेकी दोघीच सहलीला जायच्या नाहीत. मी जा म्हणायचो, पण त्या गेल्या नाहीत की मला बरंच वाटायचं.

हा आजार घराण्यात उतरू शकतो, असं डॉक्टर बोलून गेले होते. मुलीचं पोट साधं दुखलं तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. मी देव मानत नाही, पण हे माझ्यापाशीच संपू दे, असं मी कुणाला तरी रोज म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात, ती पाचवीत असताना, शाळेची सहल मैसूरला गेली. संध्याकाळी शिक्षिकेचा फोन आला की घाबरू नका, पण मुलीला राजवाड्यासमोरच्या रांगेत चक्कर आली होती. बस परतायच्या वेळी मी शाळेत पोचलो तर ती बाकावर बसली होती, ओठ पांढरे, कुणी तरी दिलेला ज्यूस हातात. डबा सकाळी भरला तसाच होता. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. शिक्षिका हिंदीत म्हणाल्या, "आज तिचं व्रत होतं म्हणे. इतक्या लहान वयात एवढं कडक नका करायला लावू, सर."

मी तिच्या शेजारी बसलो. "पोट दुखत होतं?"

"नाही."

"मग का नाही खाल्लंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की एवढं कसं कळत नाही. "बसमध्ये टॉयलेट नव्हतं ना, अप्पा."

"पण तुला काहीच झालेलं नाही, राजा. तुझं पोट चांगलं आहे."

"पण प्रवासात खायचं नसतंच ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला तपासलं. आतडं ठणठणीत, काळजीचं काही नाही, असं ते म्हणाले. मी मान हलवली. इतकी वर्षं मी तिच्या रक्ताची काळजी करत होतो. आजार रक्तातून गेलाच नव्हता. समोरच्या सीटवर कोरड्या ओठांनी बसून मीच तो तिला शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. त्यांना चक्कर कळली होती, आणि पोरीने शाळेत सांगितलेलं व्रतही कळलं होतं. "बापाचं पुण्य लेकीत उतरलंय, जावईबापू," त्या गहिवरून म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून मी बायकोवर ओरडलो, भिंतीवर हात आपटला. ती शांतपणे म्हणाली, "ओरडा. मीच तुम्हाला गप्प बसवलं होतं. आज जाऊन मी आईला सांगते."

"नको," मी म्हणालो. "मीच सांगेन. पण पोरीसमोर. आणि तिच्यासमोरच खाईन."

या मे महिन्यात समुद्राचं ठरलं, गोकर्णचं. नेहमीचाच टेम्पो ट्रॅव्हलर. मी आदल्या रात्री जेवलो होतो, निघताना पाणी प्यालो होतो, आणि गाडी तुमकूरच्या रस्त्याला लागली तेव्हा भीतीने माझे तळवे ओले झाले होते. वाटेत तट्टे इडलीसाठी थांबलो. बशीएवढी मोठी, मऊ इडली असते. अक्का पोऱ्याला कन्नडमधून सांगत होत्या की या साहेबांना काही नको, त्यांचा उपवास आहे.

"अक्का," मी म्हणालो, "माझा उपवास नाही. कधीच नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. व्रण, रक्त, संडास, कुठलाही शब्द न गाळता. टेबलाभोवती कुणी खाईना. अक्का पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या गुडघ्यांची ती संकष्टी?"

"तीही तसलीच."

कुणाला तरी हसू आलं, पण अक्कांचा चेहरा बघून ते विरलं. "इतकी वर्षं तुम्ही उपाशी बसलात, आणि मी तुमच्यासमोर डबे उघडत होते? एवढी परकी होते मी?" त्यांनी पदराने डोळे पुसले, मग रागाने आपली बशी माझ्यापुढे सरकवली. "सरी, बरं. आता खा मुकाट."

मी मुलीकडे वळलो. हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं, आणि ती जागेवर नव्हती. मी उठून बघणार तेवढ्यात ती हॉटेलच्या मागच्या बाजूने आली, ओले हात फ्रॉकला पुसत.

"खा अप्पा," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "मी बघून आले. मागे डावीकडे आहे. पाणी आहे. कडी मोडलीय, पण मी बाहेर उभी राहीन."

मी इडलीचा घास मोडून तोंडात घातला. तिने स्वतःची बशी बाजूला सारली, गाडीतून आणलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघत बसली.