पाचोरा रस्त्यावरची लाल पाटी

खान्देशातल्या रस्त्यांवरच्या जुन्या निऑन पाट्या मी जमवतो. एलईडी आल्यापासून त्या भंगारात जातात. पाचोरा रस्त्यावरच्या एका बंद खानावळीवर अशी एक शिल्लक होती. वाकवलेल्या काचेच्या नळ्यांत लाल ‘भोजनालय’. खानावळ रस्तारुंदीकरणात पाडली जाणार होती. मी पोहोचलो तेव्हा जेसीबी शेजारची टपरी पाडत होता.

मालक पाटी द्यायला तयार होते. सगळे त्यांना नाना म्हणत. अट एकच होती, नेण्याआधी ती एकदा पेटवून दाखवायची.

“एकदाव लावी दे, भाऊ. मंग ली जाय.”

ट्रान्सफॉर्मर अनेक वर्षं बंद होता. वीज दिल्यावर नळी तडकली असती, तर नेण्यासारखं काही उरलं नसतं. मी तसं सांगितलं. नाना शिडी धरून उभे राहिले, मला चढू देईनात. शेवटी गाडीतला जनरेटर काढून तार जोडली.

आधी घरघर झाली. मग ‘भो’ थरथरत लाल झाला. पाठोपाठ बाकीची अक्षरं उजळली, ‘य’ अर्धाच. उन्हात रंग फिका दिसत होता. नाना कपाळावर हात आडवा धरून बघत राहिले. मग आत गेले, पायरीवर नारळ फोडला आणि पाणी तांब्यात घेऊन शिडीकडे आले. पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा तिच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. आताही शिंपडायचं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं. “नाना, वीज चालू आहे.”

जनरेटर बंद केला, तरी नळ्यांची टोकं तापलेली होती. त्यावर थंड पाणी पडलं तर काच फुटणार. थांबणं भाग होतं. जेसीबीचा चालक उतरून आला. ठेकेदाराचे फोन येत होते. पाटी आता निघाली नाही तर भिंतीसकट पाडीन, म्हणाला.

“आठेच जेवे ना तू?” नाना म्हणाले. “थांब मंग.”

इथेच जेवत आलेला तो थांबला, पण मशीन चालूच ठेवलं. त्याच्या धक्क्यांनी पाटीचा पत्रा खडखडत होता. मी नळीच्या टोकाला बोट लावून पाहिलं. कोमट. पुन्हा लावलं. गार. नानांनी चार बोटांनी पाणी शिंपडलं. काच शाबूत राहिली.

नळ्या उतरवून, ट्रकमध्ये केळीच्या घडांखाली अंथरतात तशा वाळलेल्या केळीच्या पानांत गुंडाळल्या. नानांनी खोबऱ्याचा तुकडा चालकाच्या हातावर ठेवला. त्याने तो खाल्ला, हात पँटला पुसले आणि मशीन भिंतीकडे वळवलं.