छाटात गेलेला अंगठा

माझ्या आईने जन्मभर बिड्या वळल्या आणि मी शाळेत मास्तर झालो. पेन्शन दोघांच्याही वाट्याला आली. तिची थोडी, पण ठरलेली. माझी किती असेल ते निवृत्तीच्या दिवशी बाजार ठरवणार. नव्या योजनेत माझ्या पगारातून दरमहा कपात होते, सरकार आपला वाटा घालतं आणि ते पैसे बाजारात गुंतवले जातात. जुन्या पेन्शनवाले सहकारी स्टाफरूममध्ये निवांत चहा पितात, आम्ही मोबाईलवर आकडे बघत पितो. सरकारने आमच्या तोंडाला कशी पानं पुसली, यावर मी तासभर बोलू शकतो. संघटनेच्या धरण्याला मात्र गेल्या खेपेला गेलो नाही. पगार कापतील ही भीती, दुसरं काय!

आईला आम्ही तेलुगू घरातले म्हणून अम्मा म्हणतो. अम्मा कुंभारीला बिडी कामगारांच्या वसाहतीत राहते आणि मी जुळे सोलापुरात. फ्लॅटवर राहायला ये म्हणून किती विनवलं! "तितं कोण बोलतंय? दारं लावून बसतेत नुसती," हे तिचं ठरलेलं उत्तर. माझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हेही ठरलेलं. गॅस, औषधं, मिश्री, सगळं स्वतःच्या पेन्शनमधून.

एका रविवारी न कळवता गेलो, तर अम्मा दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई, कधीच सोडलेलं काम पुन्हा करत होती. मला बघून तिने सुपावर पदर ओढला, पण तंबाखूचा वास कुठे लपणार? शेवटी शेजारणीनेच सांगितलं. तीन महिने पेन्शन आली नव्हती आणि अम्मा शेजारणीच्या नावावर बिड्या वळून देत होती.

माझं डोकं फिरलं. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला का सांगू? पेन्शन तुझी हाय का?"

अडलं होतं हयातीच्या दाखल्यावर. पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा दाखवून द्यावं लागतं. पूर्वी कागदावर भागायचं, आता आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा लावायचा. अम्माचा अंगठा यंत्राला पटेना. ती एकटी दोनदा रिक्षाने जाऊन परत आली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी रजा टाकून तिला कचेरीत नेलं. क्लार्क भला माणूस होता. "आजी, दुसरं बोट लावा. आता तिसरं." ओल्या रुमालाने पुसून दहाही बोटं लावून झाली. पण इतकी वर्षं पानं कातरून, दुमडून, दोरा आवळून त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवायचं.

अम्मा हसली. "माझा अंगठा छाटात गेला की रा."

कारखान्यात बिड्या तपासणारा नापसंत बिड्या बाजूला टाकायचा, ती छाट. छाटाची मजुरी नाही. एकेका बिडीसाठी तपासनिसाशी भांडणारी अम्मा मी लहानपणी पाहिली आहे. तीच इथे हसतेय हे मला सहन होईना. मी क्लार्कवर आवाज चढवला.

"त्याच्यावर कशाला वरडतोस? मशिनला वाचता येत न्हाय, त्यो काय करंल?"

क्लार्क मात्र रागावला नाही. आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, मोबाईलवर, असं सांगून त्याने माझ्याच फोनवर ते सुरू करून दिलं. आधी दाखला काढणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. माझा झाला. मग फोन अम्मासमोर धरला. डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना आली. पण फोटो म्हणजे हलायचं नाही, हे अम्माच्या मनात पक्कं. श्वास रोखून, डोळे वटारून ती पुतळ्यासारखी बसली. फोनने नाकारलं. "अम्मा, डोळे मिट," म्हटलं तर तिने मिटले ते उघडेचना. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा मी वैतागून स्वतःच डोळे मिचकावून दाखवले.

"जित्ती हाय म्हणून डोळा मारायला लावताय व्हय?" म्हणत ती खुदकन हसली, आणि त्या हसण्यात पापण्या लवल्या. दाखला निघाला. क्लार्कसुद्धा हसत होता. अंगठ्याला अडलेल्या माणसांसाठी ही सोय ज्याने कुणी सुचवली, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

परतताना रिक्षात ती आपणहून बोलू लागली. तुम्ही घरी बसून बिड्या वळता, मग तुम्ही कामगार कसल्या, असं मालक म्हणायचे. फंड नाही, पेन्शन नाही. तेव्हा बायका पोरं मांडीवर घेऊन कचेरीपुढे बसल्या. "तू सारका रडत हुतास. पर उठले न्हाय मी." मग फंडाची कार्डं मिळाली. मालकाचा वाटा पेन्शनला जाऊ लागला. शाळेत मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवणारा मी, ज्या धरण्यात मांडीवर होतो तेच मला माहीत नव्हतं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईपुढे मला फार लहान वाटलं, आणि तिचा अभिमानही तेवढाच वाटला. पगाराच्या भीतीने मी चुकवलेल्या धरण्याचंही तिला तिथेच सांगून टाकलं.

पुढच्या महिन्यात राहिलेली पेन्शन जमा झाली. मी गेलो तेव्हा सूप भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. चहा झाल्यावर तिने विचारलं, "तुमचं धरणं परत कदी हाय?"

"पुढच्या आठवड्यात. पण एका दिवसाचा पगार..."

तिने कनवटीच्या नोटा माझ्या खिशात कोंबल्या. मी परत करू लागलो, तर त्याच गुळगुळीत अंगठ्याने माझा हात दाबून धरला.

"रिक्षाला आन् पाण्याच्या बाटलीला घे. तुझ्या जागी मी बी बसले असते," ती म्हणाली. "पर पेन्शन तुझी हाय की."